संत जोसेफ वाझ : लंकेतील रोग्यांचे सेवक

आपल्या मंदिराचा पाया केव्हा घातला गेला, शाळा कधी उघडली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, हा वृत्तांत वाचकांस ह्या स्मरणिकेच्या अन्य पानांवर मिळेलच. येथे अशा एका धर्मगुरूचे चरित्र सांगावयाचे आहे की, ज्यांच्यापाशी आरंभी ना मंदिर होते, ना शाळा, ना उघडपणे मिस्सा अर्पण करण्याची मुभा. आणि तरीही एका सबंध बेटावरील विस्कटलेली ख्रिस्तसभा ज्यांच्या हातून पुन्हा उभी राहिली. ते आपल्या शेजारच्या गोमंतकाचे सुपुत्र होत.

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टी प्रांतातील बाणावली ह्या मातुलग्रामी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे ब्राह्मण ख्रिस्ती, खाऊनपिऊन सुखी आणि धर्मनिष्ठ. १६७६ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली, आणि तेव्हापासून गरिबांप्रमाणे अनवाणी चालण्याचा जो नेम त्यांनी धरिला तो अखेरपर्यंत सोडिला नाही. पुढे १६८१ ते १६८४ पर्यंत ते कानडा प्रांतात होते. तेथे पोर्तुगालच्या राजाचे पाठबळ असलेली गोव्याची सत्ता आणि रोमहून थेट नेमलेले महागुरुस्वामी ह्यांच्यात अधिकाराचा वाद माजला होता, आणि त्यात हाल होत होते ते सामान्य श्रद्धावंतांचे. हा तंटा मिटविण्याकरिता वाझ ह्यांनी पुष्कळ खटपट केली. अधिकाराच्या भांडणात मेंढरांची काय गत होते हे त्यांनी तरुणपणीच डोळ्यांनी पाहिले, आणि पुढे स्वतःच्या हाती अधिकार आला तेव्हा तो त्यांनी इतक्या अलिप्तपणे का वापरिला, ह्याचे मूळ मला ह्या तीन वर्षांत दिसते.

१६८५ साली ते जुन्या गोव्यातील एतद्देशीय धर्मगुरूंच्या ओरेटरी संघात दाखल झाले. ह्या संघात त्या काळी केवळ ब्राह्मण कुळातील धर्मगुरूंनाच प्रवेश होता, हे येथे नमूद केले पाहिजे. जातीचा पीळ बाप्तिस्म्याच्या पाण्यानेही लवकर सुटत नाही, हे आपल्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजास निराळे सांगावयास नको. अशा संघातील, अशा कुळातील पुरुषाने पुढे काय केले हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या सेवेची खरी किंमत कळते.

त्या समयी लंकेत ख्रिस्तसभेची स्थिती अत्यंत शोचनीय होती. १६५८ साली डच लोकांनी जाफना जिंकून पोर्तुगीजांस बेटावरून हुसकून लाविले, आणि कॅथलिक धर्मगुरूंस तेथे बंदी घातली. सुमारे तीस वर्षे हजारो श्रद्धावंतांस पापनिवेदन नाही, मिस्सा नाही, मरणसमयी तैलाभ्यंग नाही. युरोपियन धर्मगुरू तर वर्णावरूनच ओळखला गेला असता. तेव्हा १६८७ साली वाझ ह्यांनी मजुराचा वेष घेतला आणि जॉन नावाच्या एका विश्वासू सेवकासह ते समुद्र ओलांडून गेले. जाफन्यास पोहोचले ते अतिसाराने जर्जर होऊन. थोडे बरे वाटताच गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागू लागले. जपमाळ पाहून ज्या घरातील माणसांच्या चेहऱ्यावर ओळख उमटे, ते घर आपल्या धर्माचे असे ते जाणीत. पुढे सिल्लालै गावच्या लोकांनी त्यांस आश्रय दिला. रात्री मिस्सा, पहाटेपूर्वी मुक्काम हलवावयाचा, असा क्रम दोन वर्षे चालला. छळ वाढला तेव्हा ते कँडीच्या राजाच्या मुलखात शिरले, आणि १६९२ साली राजधानीस पोहोचताच पोर्तुगीजांचे हेर म्हणून तुरुंगात पडले.

तुरुंगात त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. हळूहळू पहारा सैल झाला, आणि बौद्धधर्मी राजा दुसरा विमलधर्मसूर्य ह्याची त्यांच्याविषयी खात्री पटली. अवर्षणाच्या वेळी त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला, ही कथा चरित्रकार मोठ्या भक्तीने सांगतात. तिचा विस्तार मी करीत नाही, कारण १६९७ साली जे घडले ते मला अधिक मोलाचे वाटते.

त्या वर्षी कँडीत देवीची साथ आली. देवी म्हणजे काय हे आजच्या तरुण वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. आपल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावरील देवी काढल्याच्या खुणा तेवढ्या त्यांनी पाहिल्या असतील. त्या लसीचा शोध लागावयास तेव्हा अजून जवळजवळ शंभर वर्षे अवकाश होता. मुंबईत पहिले लसीकरण झाले ते १८०२ साली, आणि जगातून हा रोग नाहीसा झाल्याची घोषणा १९८० साली झाली. १६९७ साली भीतीवाचून दुसरे औषध नव्हते. राजा राजधानी सोडून गेला. ज्यांस शक्य होते ते पळाले, आणि घरच्याच माणसांनी आपले रोगी रानात नेऊन टाकिले. वाझ आणि गोव्याहून आलेले त्यांचे भाचे फादर कार्व्हाल्यो हे दोघे मात्र शहरात राहिले. त्यांनी रोग्यांकरिता झोपड्या उभारिल्या, ओस पडलेली घरे झाडून तेथे रोगी आणून निजविले. त्यांस अन्न भरविणे, फोड धुणे, घाण काढणे, मेलेल्यांस पुरणे, ही सर्व कामे ते स्वहस्ते करीत. रोगी ख्रिस्ती की बौद्ध, उच्च की नीच, हे विचारिले जात नसे.

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ ह्या वर्षी, शेजाऱ्याच्या दाराशी उभे राहावयासही आपण कसे कचरत होतो, हे आठवले म्हणजे त्या झोपड्यांत शिरणे किती कठीण होते ते कळेल. कँडीतील साथीनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले रोग्यांच्या शुश्रूषेत स्वतः त्या रोगास बळी पडल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. पण वाझ ह्यांनी त्यांस आपल्या झोपडीत आनंदाने सहकारी म्हणून घेतले असते, ह्याविषयी मला शंका नाही.

साथ ओसरली तेव्हा कँडीतील ज्या लोकांस हा परदेशी धर्मगुरू संशयास्पद वाटे, त्यांचेच मन पालटले होते. त्याच सुमारास कोचीनच्या महागुरुस्वामींनी वाझ ह्यांस लंकेचे व्हिकर जनरल नेमिले. तोपर्यंत कसल्याही पदवीवाचून ते कारभार चालवीत होते. गोव्याहून आलेल्या धर्मगुरूंस त्यांनी एकेक प्रांत वाटून दिला. गावोगावी प्रार्थना चालविण्यास, मुलांस धर्मशिक्षण देण्यास आणि मरणोन्मुखांस धीर देण्यास प्रापंचिकांतूनच अण्णावी व मुप्पू नेमिले. धर्मगुरू वर्षातून एखादे वेळी येवो न येवो, गावची प्रार्थना थांबत नसे. १७०५ साली फादर जाकोम गोन्साल्व्हिस हे विद्वान गोमंतकीय धर्मगुरू आले. सिंहली भाषेतील धर्मवाङ्मयाचा पाया त्यांनी घातला, आणि त्यांस त्या कामास लावणारे वाझच होते. महागुरुस्वामीपदाचा प्रस्ताव आला तेव्हा वाझ ह्यांनी तो नाकारिला. ह्या नकारास चरित्रकार विनय म्हणतात. विनय तर होताच. परंतु त्या बेटावर मुकुट व दंड घेऊन उघडपणे वावरणारा महागुरुस्वामी डचांच्या मुलखातील झोपडीत रात्री जाऊ शकला नसता, हा व्यवहारही त्यात होता असे मला वाटते.

सतत अनवाणी प्रवासाने व उपासाने शरीर झिजले होते. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, ते प्रभूपाशी गेले. गोव्याच्या ओरेटरी संघाचे धर्मगुरू त्यांच्यामागेही शतकभर लंकेत येत राहिले. कॅथलिकांवरील बंधने इंग्रजी अमलात १८०६ साली उठली तेव्हा सभा जिवंत होती. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९५ साली वाझ ह्यांस धन्यवादित घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांनी संतपद दिले. कँडीत त्यांस जेथे पुरले ते मंदिर पुढे नष्ट झाले, आणि समाधीची नेमकी जागा आज कोणासही दाखविता येत नाही.