ज्ञानदानाचा वटवृक्ष : कर्मवीर भाऊराव पाटील

जैन धर्माने श्रावकाला चार प्रकारची दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान. आपल्या ट्रस्टने सुवर्णमहोत्सवी वर्षात पदार्पण केले असताना, ही चारही दाने एकाच आयुष्यात एकत्र आणणाऱ्या आपल्याच भूमीतील एका श्रावकाचे स्मरण करणे औचित्याचे ठरेल. ते श्रावक म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक पद्मभूषण कर्मवीर डॉ. भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, बाहुबलीच्या डोंगराच्या परिसरात, जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील सरकारी नोकरीत होते. माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापुरात आले आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कूलमध्ये शिकू लागले.

तो काळ कोल्हापूरच्या इतिहासातील सुवर्णकाळ होता. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने 1901 पासून येथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. 1899 साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेच्या धुरिणांनीही खेड्यापाड्यांतील जैन मुलांसाठी शिक्षणाची सोय केली होती. शासनाने पाठबळ द्यावे आणि समाजाने आपल्या हाताने संस्था चालवावी, हा स्वयंसेवी कार्याचा आदर्श भाऊरावांनी विद्यार्थिदशेतच जवळून पाहिला.

परंतु त्या आदर्शाची एक मर्यादाही त्यांना तेथेच दिसली. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर स्नान करूनच भोजनास बसावे, असा बोर्डिंगचा आग्रह होता. माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी स्नानास नकार दिला आणि परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. भाऊरावांचे औपचारिक शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही.

त्यांची खरी परीक्षा पुढे 1914 साली झाली. कोल्हापुरात ब्रिटिश बादशहाच्या पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. जैन समाजाचे विद्वान नेते आणि पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झालेले अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांना मारहाण झाली, कोठडीत डांबले गेले, प्राण देण्यापर्यंत पाळी आली. पण ते असत्य बोलले नाहीत. ज्या मंडळींच्या बोर्डिंगमधून काही वर्षांपूर्वी बाहेर पडावे लागले होते, त्यांच्यापैकीच एका नेत्यासाठी त्यांनी हे सारे सोसले. सत्य आणि क्षमा ही दशलक्षण धर्मातील तत्त्वे आपण दरवर्षी पर्युषणात ऐकतो. भाऊरावांनी ती कोठडीत आचरली.

चरितार्थासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. ओगल्यांच्या काच कारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार करीत गावोगाव पायपीट केली. या फिरतीत त्यांना शेतकऱ्याच्या घरातील अज्ञान आणि त्यातून येणारे कर्जबाजारीपण जवळून दिसले. धंद्यात ते यशस्वी होऊ शकले असते. त्यांनी मात्र बाजारपेठेऐवजी खेड्यांतील निरक्षरतेचा हिशेब मांडला आणि 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

1924 साली संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. या वसतिगृहात मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशा सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत आणि एकत्र राहत. तेथे प्रवेशाला जात आडवी येत नव्हती. 1927 साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. कोल्हापुरात सुरू झालेल्या वसतिगृह चळवळीला भाऊरावांनी साताऱ्यात एक पायरी पुढे नेले, ती अशी.

या कार्याची आर्थिक बाजू प्रत्येक विश्वस्ताने अभ्यासण्यासारखी आहे. हाती भांडवल नव्हते. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य जमा करण्याचा मुष्टिफंड हाच संस्थेचा आधार होता. मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत, इमारतीचे दगडही वाहत. ज्याने मूठभर जोंधळा दिला, त्याला संस्था आपली वाटे आणि ज्या मुलाने स्वतः श्रम केले, त्याला शिक्षण म्हणजे भिक्षा वाटत नसे. मोठ्या देणगीपेक्षा असंख्य लहान देणग्यांनी संस्थेचा पाया अधिक भक्कम होतो, हे तत्त्व त्यांनी व्यवहारात सिद्ध केले.

या यज्ञात सर्वांत मोठी आहुती पडली ती सौ. लक्ष्मीबाईंची. सुखवस्तू घरातून, भरपूर दागिने घेऊन आलेल्या या माउलीने सोवळेओवळे बाजूला सारून सर्व जातींच्या मुलांना आईच्या मायेने वाढविले. वसतिगृहात धान्य संपले, तसा एकेक दागिना गेला आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी विकले गेले. 1930 साली त्यांचे निधन झाले. संस्थेच्या जमाखर्चात लक्ष्मीबाईंच्या नावे जमा असलेली ही रक्कम कधीही फिटणारी नाही.

पुढील वाटचाल वेगाने झाली. 1932 साली पुण्यात युनियन बोर्डिंग, 1935 साली साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज, 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि तेथे रुजलेली ‘कमवा आणि शिका’ योजना, 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज व 1954 साली कऱ्हाडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, असा हा विस्तार आहे. जेथे शाळाच नव्हती, अशा पाचशेहून अधिक खेड्यांत त्यांनी प्राथमिक शाळा काढल्या. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मृत्यर्थ 101 माध्यमिक शाळा उघडण्याचा संकल्प त्यांनी सोडला. त्याच सुमारास सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान बंद झाले. तरीही शाळांना कुलूप लागले नाही, कारण संस्थेचे मूळ लोकांमध्ये होते. कालांतराने अनुदान पूर्ववत सुरू झाले. शासनाचे साहाय्य अवश्य घ्यावे, परंतु त्यापायी सत्य बोलण्याचा अधिकार गहाण टाकू नये, हा धडा आजच्या प्रत्येक स्वयंसेवी संस्थेसाठी मोलाचा आहे.

1959 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले, पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट्. अर्पण केली आणि त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. संस्थेने बोधचिन्ह म्हणून स्वीकारलेला वटवृक्ष आज सातशेहून अधिक शाखांनी बहरला आहे. अपरिग्रही कर्मवीरांनी मागे धनसंपत्ती ठेवली नाही. ठेवली ती संस्था.

सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच ताळेबंदाचा प्रसंग असतो. धर्मशाळा, दवाखाने, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या या रूपाने जैन समाजाच्या दातृत्वाची परंपरा उज्ज्वल आहे. मात्र आपल्या दानाचा दरवाजा किती रुंद आहे, तो स्वकीयांपाशीच थांबतो की उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या गरजू मुलापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न भाऊरावांचे जीवन आपल्यापुढे ठेवते. जिनेश्वरांच्या समवसरणात प्राणिमात्राला स्थान होते. त्या धर्माच्या अनुयायांनी चालविलेल्या संस्थेत कोणीही परका ठरता कामा नये. पुढील पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने हा दरवाजा अधिक रुंद करावा, हीच कर्मवीरांना खरी आदरांजली ठरेल.

जय जिनेंद्र!