मजूरमंत्री बाबासाहेब आणि पाठीवरचा पंप

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. जयंतीच्या भाषणात ही चार वर्षे एका वाक्यात आटोपली जातात. वाशीम, मंगरूळपीर, मानोऱ्याच्या शिवारात पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या कपाशीवर विष फवारणाऱ्या भूमिहीन मजुराला मात्र याच चार वर्षांची सर्वांत जास्त गरज आहे.

विषाचा धोका दोन गोष्टींवर ठरतो. विष किती जहाल आहे आणि ते शरीरात किती जाते. विषाच्या जवळ कोणाला उभे करायचे, हे आपल्या देशात जात ठरवत आली. बाबासाहेबांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. १८९१ साली महू येथे जन्मलेल्या भीमरावांची उमेदीची वर्षे परळच्या बीआयटी चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात गेली. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे रोजच दम लागतो. त्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. का? तर धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याची थुंकी लागली की सवर्ण विणकर बाटे! याच धोट्याने एकाचा रोग दुसऱ्याला लागतो म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तो कायद्याने बंद केला होता. आपल्याकडे रोग कोणी मोजला नाही, विटाळ मोजला. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली, तेव्हा कामगार पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने स्वीकारली.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि सहा वर्षांनी मजूर खाते हाती आले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला जाऊन स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. पुढच्याच महिन्यात कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर बसला आणि त्या पैशातून कामगारांच्या आरोग्याची सोय करायची ठरली. अभ्रकाच्या खाणींसाठी तसाच कायदा १९४६ मध्ये झाला. कारखान्यांना सुरक्षिततेबाबत तांत्रिक सल्ला देणारे मुख्य सल्लागारांचे कार्यालय १९४५ चे. त्यांच्याच काळात अडारकरांचा आरोग्य विम्याचा अहवाल आला, त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. धूळ तीच असली तरी सहा तास कमी म्हणजे छातीत जाणारी धूळही कमी, हा हिशोब आपले विचारवंत क्वचितच मांडतात.

याच काळात, १९४३ मध्ये, युद्धाच्या कोळशासाठी स्त्रियांना जमिनीखालच्या कामाला लावण्यावरची बंदी उठवली गेली, हेही लपवण्याचे कारण नाही. ती १ फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लागू झाली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दोन वर्षांनी केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे मेली आणि मग १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. १९७१ च्या नियमांत संरक्षक कपडे आले, विष हाताळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी आली. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे त्रिकोण आले, लाल म्हणजे सर्वांत जहाल. पण मजुराच्या हाती डबा येतो कुठे? त्याला बहुधा मालकाने ड्रममध्ये कालवलेले पाणी मिळते. कारखान्याचा निरीक्षक भिंतीपाशी थांबला, विमाही तिथेच थांबला. शेतमजूर बाहेर राहिला.

२०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो रुग्णालयात गेली. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. त्यानंतर मजुराने मास्क व हातमोजे घातले नाहीत अशी ओरड झाली. दमट उकाड्यात रबरी हातमोजे घालून, पंधरा लिटरचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर चालून पाहा, मग बोला! मास्क हा शेवटचा उपाय आहे. आधी जहाल विष बाजारातून काढावे लागते, मग फवारणीचे तास कमी करावे लागतात, मग तपासणी. मोनोक्रोटोफॉससारखे विष कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य निकामी करते, ते रक्ताच्या तपासणीत कळते. हंगामाआधी एकदा आणि हंगामात पुन्हा रक्त तपासले तर मजूर कोसळण्याआधीच त्याला कामावरून थांबवता येते.

येत्या खरिपाआधी वाशीम जिल्ह्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनचा साठा किती आहे आणि फवारणी करणाऱ्या मजुरांच्या रक्ततपासणीची नोंदवही कुठे आहे, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लेखी अर्ज देऊन विचारावे. तपासणीचा आणि उपचाराचा खर्च विष विकणाऱ्याकडून का वसूल होत नाही, हाही प्रश्न त्याच अर्जात घालावा. कोळशाच्या टनामागे पैसा १९४४ साली वसूल झाला होता.