मिरीचा मुलूख आणि माधवराव दिवाण

बडोद्यात राजा सर टी. माधवरावांचे नाव निघाले की मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीनंतर, १८७५ ते १८८२ या काळात, त्यांनी बसविलेली राज्याची घडी आठवते. आमच्या घरी दरबारच्या गोष्टी निघत, त्यांतही ते याच रूपाने येत. त्यांचे त्रावणकोरातील काम मला पुष्कळ उशिरा कळले. आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम् येथे, तंजावरकडच्या मराठी घराण्यात झाला. वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. माधवरावांनी तेथील राजपुत्रांना शिकविले आणि पुढे १८५८ साली तेच पद त्यांच्याकडे आले. राज्य कर्जात होते. तरीही त्यांनी १८६० साली मिरीची आणि १८६३ साली तंबाखूची सरकारी मक्तेदारी मोडली.

अडचण जकातीची होती. इंग्रजी मुलखाच्या दृष्टीने त्रावणकोरचा माल परका. त्रावणकोरच्या नाक्यांवर तिकडचा माल परका. १८६५ साली इंग्रज सरकार, त्रावणकोर आणि कोचीन यांच्यात व्यापारी करार झाला आणि आपसातील बहुतेक मालावरची जकात उठली. बुडालेल्या उत्पन्नाची काही भरपाईही पदरात पडली.

परंतु हा सौदा बरोबरीचा नव्हता. परदेशी मालावरचे दर इंग्रजांच्या दरांशी जुळवावे लागले. मिठाचा भावही इंग्रजी मुलखासारखा ठेवावा लागला, आणि मीठ तर गरिबाच्याही ताटात असते. दिवाण कितीही हुशार असला तरी दुबळ्या राज्याला काही सोडावेच लागते. मात्र आपल्या मुलखाचा जमाखर्च जाणणारा माणूस बोलणीला होता, एवढे तरी त्रावणकोरचे भाग्य.

१८७२ साली ते पद सोडून माधवराव इंदूरला होळकरांकडे आणि तेथून बडोद्याला आले. १८९१ साली मद्रासेत त्यांचे निधन झाले.

आज परराष्ट्रांशी करार करणे हे केंद्राचे काम आहे, आणि घटनेच्या २५३ व्या कलमाने त्यांच्या अंमलबजावणीचे कायदेही संसदच करते. २००९ साली आग्नेय आशियातील आसियान राष्ट्रांशी मुक्त व्यापाराचा करार झाला, तेव्हा मिरी, रबर आणि नारळाच्या काळजीने केरळ सरकारने विरोध केला, करार झालाच. मिरी तीच आणि मुलूखही बराचसा तोच. पण प्रांताच्या वतीने सही करणारा दिवाण आता नाही. म्हणून करारापूर्वी प्रांताचे म्हणणे नीट ऐकून घेण्याची जबाबदारी दिल्लीवर अधिकच येते, असे मला वाटते.