हेन्री जॅक्सन : खोदण्याआधी विचारण्याचा कायदा

२८ जानेवारी १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ, समुद्रात, युनियन ऑइल कंपनीच्या विहिरीतून तेल उसळले. तेलाने माखलेले पक्षी अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिले. तीन आठवड्यांनी वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर हेन्री जॅक्सन यांनी पर्यावरण धोरणाचे विधेयक मांडले. त्यामागचा विचार जुना होता. जनमताचे बळ त्याला या तेलाने दिले.

जॅक्सन यांचा जन्म १९१२ मध्ये एव्हरेट या गिरण्यांच्या गावी, नॉर्वेतून आलेल्या कुटुंबात झाला. लहानपणी घरोघर वर्तमानपत्रे टाकणारा हा मुलगा वकील झाला, १९४१ मध्ये प्रतिनिधिगृहात आणि १९५३ मध्ये सिनेटमध्ये पोहोचला. संरक्षणखर्चाचे ते कट्टर पाठीराखे होते. चिपकोच्या पठडीतला हा माणूस नव्हे, आणि कदाचित म्हणूनच त्यांचे विधेयक तरले.

एप्रिलमधील सुनावणीत इंडियाना विद्यापीठाचे प्राध्यापक लिंटन कॉल्डवेल यांनी त्यात दात बसवले. मोठा निर्णय घेण्यापूर्वी संघराज्याच्या प्रत्येक खात्याने त्याचे पर्यावरणावरील परिणाम आणि पर्याय लेखी मांडावेत, असे कलम आले. १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली. हा कायदा कशावरही बंदी घालत नाही, हिशेब मात्र मागतो. आणि हिशेब अपुरा असेल तर नागरिकाला न्यायालयाचे दार उघडते. भारतात असे मूल्यांकन सक्तीचे करणारी अधिसूचना १९९४ मध्ये निघाली. परवान्यांची कागदपत्रे चाळणाऱ्या मराठी अभियंत्यांना ही वंशावळ ठाऊक असावी.

कसोटी लगेच आली. प्रुडो बे ते व्हाल्डेझ अशा सुमारे १,३०० किलोमीटरच्या अलास्का तेलवाहिनीला एप्रिल १९७० मध्ये न्यायालयाने स्थगिती दिली. बहुतांश वाहिनी जमिनीत पुरण्याचा मूळ बेत होता. गरम तेलाने कायम गोठलेली जमीन वितळून खचली असती. अखेर निम्म्याहून अधिक वाहिनी खांबांवर उचलली गेली. विलंब महाग पडला हे खरे, परंतु घाई अधिक महाग पडली असती.

जॅक्सन स्वतः तेलवाहिनीच्या बाजूचे होते. १९७३ मध्ये तिला वाट देणारे विधेयकही त्यांचेच. मात्र अलास्काचे सिनेटर माइक ग्रॅव्हेल यांनी पर्यावरण कायद्याखालील पुढील न्यायालयीन आव्हानेच बंद करणारी दुरुस्ती आणली, तेव्हा जॅक्सन यांनी विरोध केला. मते ४९ विरुद्ध ४९ पडली. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांच्या एका मताने दुरुस्ती तरली आणि कायद्याचा कर्ता आपल्याच सभागृहात हरला. पुढे जानेवारी १९७४ मध्ये, तेलटंचाईच्या दिवसांत, याच जॅक्सन यांनी बड्या तेलकंपन्यांच्या अधिकाऱ्यांना समितीपुढे बसवून नफ्याचा जाब विचारला. १९७२ आणि १९७६ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, ती हुकली.

१ सप्टेंबर १९८३ रोजी एव्हरेटमध्येच त्यांचे निधन झाले. साडेपाच वर्षांनी, त्याच वाहिनीचे तेल भरून व्हाल्डेझहून निघालेले एक्झॉनचे जहाज प्रिन्स विल्यम साउंडमधील खडकांवर चढले. तेलवाहू जहाजांना दुहेरी कवचाची सक्ती त्यानंतर, १९९० मध्ये आली.