आचार्य प्रफुल्लचंद्र राय : कारखाना काढला, केमिस्टांची सोसायटीही उभी केली

तळोजा : औषधं, रंग, रसायनं बनवणारे कारखाने म्हणजे तळोजा एमआयडीसीची ओळख. पनवेल तालुक्यातली बीएस्सी केमिस्ट्री झालेली कितीतरी मुलं-मुली इथल्या लॅबमध्ये शिफ्ट करतात. या धंद्याचा देशी पाया घालणाऱ्यांत आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचं नाव फार वरचं आहे. त्यांची बंगाल केमिकल कंपनी मुंबईत प्रभादेवीमुळे लोकांना माहीत आहे. त्यांनी उभी केलेली इंडियन केमिकल सोसायटी मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते.

राय यांचा जन्म 2 ऑगस्ट 1861 चा, आज बांगलादेशात असलेल्या खुलना भागातल्या राडुली गावचा. लहानपणी जडलेल्या पोटाच्या दुखण्याने त्यांना आयुष्यभर सोडलं नाही. 1882 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले आणि 1887 मध्ये डीएस्सी झाले. एवढी पदवी घेऊन परतल्यावरही सुमारे वर्षभर नोकरी नाही. शेवटी 1889 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जागा मिळाली, पगार महिना 250 रुपये. त्याच कामाला इंग्रज प्राध्यापकांना कितीतरी जास्त मिळत होतं.

शिकलेल्या पोरांनी नुसत्या सरकारी नोकरीची वाट बघू नये, म्हणून 1892 मध्ये सातशे रुपयांच्या भांडवलावर त्यांनी भाड्याच्या घरातच औषधं बनवायला सुरुवात केली. फॉस्फेटसाठी कसायांकडून हाडं आणून गच्चीवर वाळत टाकली. अवेळी पाऊस आला, हाडं कुजली, वास सुटला आणि शेजारी तक्रार घेऊन उभे राहिले. हाडं तिथून हलवावीच लागली. 1901 मध्ये या उद्योगाची लिमिटेड कंपनी झाली.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले त्यांचे स्नेही. कलकत्त्यात गोखल्यांनी गांधीजींची राय यांच्याशी ओळख करून दिली, तेव्हा त्यांना मुद्दाम सांगितलं की आठशे रुपये पगारातले चाळीसच हे स्वतःला ठेवतात, बाकीचे लोकांच्या कामाला देतात. राय यांनी लग्नही केलं नाही.

संशोधनात अडचण वेगळी होती. इथल्या केमिस्टाने काही नवं शोधलं, तर निबंध बहुतेक वेळा लंडनला किंवा जर्मनीला पाठवायचा आणि बोटीच्या टपालाची वाट बघायची. देशातल्या देशातही लाहोरला काय चाललंय हे कलकत्त्याला लवकर कळत नसे. 1920 मध्ये नागपूरला भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसचे राय अध्यक्ष होते. पण तिथे सगळीच शास्त्रं एकत्र. रसायनशास्त्राला स्वतःचं घर नव्हतं.

ते 1924 मध्ये कलकत्त्यात मिळालं. ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी आणि शांतिस्वरूप भटनागर या तरुणांनी लंडनमध्ये असतानाच सोसायटीचा विचार केला होता. घोष आणि मुखर्जी तर राय यांचेच विद्यार्थी. राय पहिले अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी सोसायटीचं नियतकालिक निघालं. आता इथल्या माणसाचा निबंध इथलीच जाणकार माणसं तपासू लागली, चूक असेल तर दाखवू लागली आणि छापलेलं काम सगळ्यांपुढे येऊ लागलं.

पुढे या तिघांनीही मोठी कामं केली. मुखर्जींनी मातीच्या रसायनशास्त्रात नाव कमावलं, घोष खरगपूर आयआयटीचे पहिले संचालक झाले. भटनागरांनी देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळा उभारल्या. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यांतलीच.

साठी गाठल्यावर राय यांनी आपला पगार विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागालाच देऊन टाकला. सायन्स कॉलेजातल्या एका खोलीत ते राहत, तिथेच 16 जून 1944 रोजी त्यांचं निधन झालं. सोसायटीने आता शंभरी ओलांडली आहे.

कारखान्यात माल निघतो, पगार मिळतो. पण कासाडी नदीच्या पाण्यात नेमकं काय मिसळलंय, हे सांगायलाही केमिस्टच लागतो, आणि त्याचा निष्कर्ष दुसऱ्या केमिस्टांनी तपासलेला असला तरच तो टिकतो. राय यांनी कारखान्याच्या जोडीला सोसायटी का उभी केली, हे तळोज्यात लवकर कळतं.