श्रीनगरचे बिस्को सर

पोहण्याच्या चाचणीत मी दोनदा नापास झालो आहे. दोन्ही वेळा तलावाच्या खोल बाजूला उभा राहिलो आणि पाय हललेच नाहीत. त्याच आठवड्यात वाचनालयात मला सेसिल टिंडेल-बिस्को यांची माहिती मिळाली. त्यांच्या शाळेत ठरावीक वयापर्यंत पोहायला न शिकणाऱ्या मुलाला जास्त फी भरावी लागे. हे वाचून मला आधी रागच आला. मग मी त्यांचे चरित्र शेवटपर्यंत वाचले.

त्यांचा जन्म १८६३ साली इंग्लंडमध्ये झाला. ते अंगाने लहानखुरे होते, म्हणून केंब्रिज विद्यापीठात त्यांना वल्ह्याऐवजी नावेचे सुकाणू मिळाले. १८८४ साली ऑक्सफर्डविरुद्धची प्रसिद्ध नौकाशर्यत केंब्रिजने जिंकली, तेव्हा सुकाणू त्यांच्याच हाती होते. पुढे ते धर्मोपदेशक झाले आणि १८९० साली श्रीनगरच्या मिशन शाळेत शिकवायला आले.

शाळेतली बहुतेक मुले काश्मिरी पंडितांच्या घरची होती. लांब फेरन घालून, आत कांगडीची ऊब घेत ती वर्गात बसत. पुस्तके पाठ करावीत आणि सरकारी नोकरी मिळवावी, एवढेच शिक्षण त्यांना ठाऊक होते. वल्हे मारणे हे नावाड्यांचे काम मानले जाई. धावणे, खेळणे हेही चांगल्या घरातल्या मुलाला शोभत नाही, अशी समजूत होती.

१८९१ साली सरांनी शाळेत फुटबॉल आणला. तो चामड्याचा आहे हे कळताच मुलांनी त्याला पाय लावायला नकार दिला, कारण त्यांच्या दृष्टीने ते विटाळाचे होते. सरांनी मैदानाभोवती काठ्या घेतलेले शिक्षक उभे केले आणि खेळ सुरू करायला लावला. थोड्या वेळाने चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला. सगळे घाबरून थांबले. सरांनी त्याला पाण्यावर नेऊन तोंड धुवायला लावले आणि सामना पुढे चालू केला. काश्मीरमधल्या शालेय फुटबॉलची सुरुवात अशी झाली.

ही गोष्ट मला अजूनही पूर्ण पटत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेवर काठी उगारणे बरोबर नव्हे. काश्मिरी लोकांविषयी सरांनी जे लिहिले, त्यातही काही ठिकाणी टिंगल आहे. पण ते फक्त काठीवर थांबले असते, तर पाठ फिरताच मुलांनी खेळ सोडला असता. तसे झाले नाही. सर स्वतः मुलांबरोबर नावेत बसत, पाण्यात उतरत. मुले झेलममध्ये वल्हवायला आणि दल सरोवर पोहून पार करायला शिकली.

या ताकदीचे करायचे काय, हेही सरांनी ठरवले होते. पटकीची साथ आली की मुले फावडी घेऊन घाणेरड्या गल्ल्या साफ करत. शहरात आग लागली की विझवायला धावत. महापुरात नावा घेऊन अडकलेल्या माणसांना बाहेर काढत. एरवी इस्पितळातल्या रुग्णांना सरोवरावर हवा खायला नेत. ज्या वल्ह्याला हात लावायची लाज वाटत होती, त्यानेच ती लोकांचे जीव वाचवू लागली. प्रगतिपुस्तकातही बुद्धीबरोबर शरीर आणि चारित्र्य यांची नोंद होई.

शाळेच्या चिन्हावर एकमेकांवर ठेवलेली दोन वल्ही आहेत. त्यांची पाती हृदयाच्या आकाराची आहेत. वल्हे म्हणजे बळ आणि हृदय म्हणजे दया, असा त्याचा अर्थ. आमच्या कवायतीच्या मैदानावर बळाविषयी रोज ऐकायला मिळते. दयेची आठवण मात्र मला या चिन्हाने करून दिली.

सरांनी पन्नासहून अधिक वर्षे श्रीनगरमध्ये काढली. १९४७ साली त्यांनी काश्मीर सोडले आणि १९४९ साली आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची शाळा श्रीनगरमध्ये आजही भरते. ज्या खोऱ्यात चेंडूला पाय लावायला मुले तयार नव्हती, तिथे आज फुटबॉल हा अतिशय आवडता खेळ आहे.

माझी पुढची चाचणी येत्या महिन्यात आहे. वाढीव फीची भीती घालून मी उडी मारली असती का, कोण जाणे. पण आमचे पोहण्याचे सर रोज आमच्याआधी पाण्यात उतरतात, हे माझ्या लक्षात आत्ता आले. या वेळी ते जिथे उभे असतील, त्या बाजूने मी उडी मारणार आहे.