डॉ. विष्णु माधव घाटगे : आधी जमिनीवर परीक्षा, मग आकाशात भरारी



आमच्या संभाजीनगरच्या शाळेत गगनयानाबद्दल बोलणं चाललं होतं. एका मुलीने विचारलं, की परत येताना यान एवढं तापतं, तर आतली माणसं सुरक्षित राहतील हे आधीच कसं कळतं? याचं उत्तर शोधताना मी एका मराठी माणसापर्यंत पोहोचले. विमानशास्त्रात त्यांचं नाव आदराने घेतात, पण आपल्या मुलांना ते क्वचितच ठाऊक असतं.

डॉ. घाटगे यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू या खेड्यात झाला. पुढे ते शिकायला थेट जर्मनीत गॉटिंगेनला गेले. तिथे लुडविग प्रांटल हे त्यांचे गुरू. वस्तूला अगदी चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर कसा वागतो, हे प्रांटल यांनी १९०४ मध्ये जगाला समजावलं होतं. त्यांच्या हाताखाली घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

गॉटिंगेन हे विंड टनेलसाठी, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यासाठी, प्रसिद्ध होतं. विमानाची छोटी प्रतिकृती बोगद्यात घट्ट बसवायची आणि तिच्यावर जोराचा वारा सोडायचा. विमान जागेवर, पळतो तो वारा! कुठे किती दाब येतो, कुठे भोवरे होतात, सगळं मोजायचं. चूक सापडली तर प्रतिकृती बदलता येते. हीच चूक आकाशात कळली, तर माणसाचा जीव जातो.

डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. घाटगे तिथे गेले. १९४१ मध्ये त्यांचं ग्लायडर उडालं. पण विमानशास्त्र शिकलेली माणसं तेव्हा देशात बोटांवर मोजण्याइतकीच होती. म्हणून १९४२ च्या अखेरीस भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. तो उभा केला घाटगे यांनीच. शून्यातून एक वर्ग सुरू करणं काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

नंतर ते पुन्हा विमानांच्या आराखड्यांकडे वळले. ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान उडालं. आपल्या हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. १९६४ मध्ये किरण हे जेट आलं. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. घाटगे यांनी सुरू केलेल्या विभागातच १९५१ मध्ये सतीश धवन आले. त्यांनी ध्वनीपेक्षा वेगवान वाऱ्याचे बोगदे उभारले. पुढे तिथे शॉक टनेल आला. त्यात वारा ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने वाहतो, पण टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच! तेवढ्यात प्रतिकृतीवरचे सेन्सर किती उष्णता आली ते टिपतात. अशा चाचण्यांतून दिसतं, की यानाचं तोंड बोथट असेल तर तापलेल्या हवेचा पडदा त्याच्यापासून थोडा दूर राहतो आणि बरीचशी उष्णता हवेबरोबरच निघून जाते. उरलेली सोसायला उष्णतारोधक कवच असतं. जानेवारी २००७ मध्ये इस्रोची ५५० किलोची कुपी १२ दिवस अवकाशात राहून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली, ती अशाच बोथट आकाराची आणि कवच ल्यालेली होती.

डॉ. घाटगे १९९१ मध्ये गेले. तो दिवस त्यांना पाहता आला नाही. पण त्यांनी सुरू केलेला वर्ग आजही भरतो.

वर्गात एवढं करून बघा. पंखे बंद ठेवून अगरबत्ती लावा आणि पुठ्ठ्याने हलकेच वारा घाला. धुराच्या वाटेत आधी गोल बाटली ठेवा, मग सपाट पुठ्ठा उभा करा. धूर कुठे सरळ जातो, कुठे गोल फिरतो, ते मुलांना वहीत काढू द्या. अगरबत्ती मात्र तुमच्याच हातात असू द्या. मुलांनी काय टिपलं ते नक्की कळवा!